श्वास तेवढे राहू दे

४ जून

वहिनी,

तुझ्या लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं तेव्हाची एक दुपार आठवते का? आपण दोघी गच्चीवर चादरी वाळत घालत होतो. तू पिळत होतीस, मी झटकत होते. वारा असा सुटला होता की एक चादर सारखी तुझ्या डोक्यावरून जायची आणि तू आतून ओरडायचीस, "अहो वन्सं, काढा ना हो!" काढायचं सोडून मी साबणाच्या रिकाम्या खोक्यावरच्या सूचना नाटकातल्यासारख्या वाचायला लागले. "पाणी कोमट घ्यावे! रंगीत कपडे वेगळे भिजवावे!" तू चादरीच्या आत हसून हसून खाली बसलीस. आणि खालच्या खोलीतून दादा ओरडला, "पुढे काय झालं गं? पांढऱ्या कपड्यांचं काय झालं?"

त्या दिवसाचं खास असं काहीच नव्हतं. पण मागच्या महिन्यात तुमच्याकडे येऊन गेले तेव्हा दादा पुस्तक मांडीवर घेऊन पानावरून नुसतं बोट फिरवत बसलेला दिसला, आणि परतीच्या प्रवासभर मला ती दुपारच आठवत राहिली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले ना, समोरचं दिसणं आता परत यायचं नाही, कडेकडेचं तेवढं राहील. कडेकडेच्या दिसण्यावर माणूस भिंतीला धडकायचा नाही, पण कादंबरी कशी वाचणार?

म्हणून मी एक ठरवलंय. जहाजावरच्या डॉक्टरची ती जाडजूड कादंबरी त्याने अर्ध्यावर सोडली आहे. ती मी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून पाठवते. चांगला मायक्रोफोन आणलाय. फाइली तुझ्या मेलवर येतील, तू त्या त्याच्या प्लेअरमध्ये घालून दे.

कसं वाटतंय ते मात्र पत्रानेच कळव. फोन लागला की दादा शेजारून "कोण? काय म्हणते?" करत स्पीकर लावायला लावतो, मग तुला खरं बोलता येत नाही. पत्र त्याला वाचता येत नाही. लिहितानाही वाईट वाटतं, पण आपली सोय आहे.

जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचे पेपर तपासले. आता माझा तू तपास. हात आखडू नकोस.

तुझी,
वन्सं


१६ जून

वन्सं,

तपासा म्हणालात म्हणून तपासते, मग रागवायचं नाही.

पहिली फाइल लावली. ह्यांचं पहिलं वाक्य, "तिला सांग, जरा मोठ्याने वाच." मी आवाज वाढवला. तेवढ्यात तुमचा कप्तान डेकवरून गरजला आणि हे खुर्चीतून उडाले. "तिला सांग, माझे डोळे गेलेत, कान नाही!" मी आवाज कमी केला. मग ती केबिनमधली बाई डॉक्टरच्या कानात काहीतरी कुजबुजली, ते ऐकूच आलं नाही. प्रकरण संपेपर्यंत ह्यांचा अंगठा बटणावरून निघाला नाही. वर, खाली, वर, खाली. "गोष्ट ऐकतोय की सायकलला हवा भरतोय?" म्हणाले.

तेव्हा मी कॉम्प्युटरवर आवाज दुरुस्त करायचा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला. वन्सं, त्यात तुमचा आवाज दिसतो! मधोमध एक आडवी रेघ, आणि तिच्या वर-खाली लहरी, कुठे मुंगीएवढ्या, कुठे डोंगराएवढ्या. कप्तान कुठे ओरडलाय ते मला न ऐकता बोट ठेवून दाखवता येतं. फोटो स्टुडिओत मी इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवर काम केलं, पण आवाजाचा चेहरा पहिल्यांदा बघितला.

त्यात 'नॉर्मलाइझ' नावाची एक सोय आहे. नाव ऐकून वाटलं, हे दाबलं की सगळं ताळ्यावर येणार. दाबलं. काही नाही. परत दाबलं. ढिम्म. मला वाटलं कॉम्प्युटर माझी थट्टा करतोय. मग चष्मा पुसून लहरी नीट बघितल्या, तर मध्येच एक सुळका, कप्तानापेक्षाही उंच. ऐकलं तर तुमच्याकडचं दार आपटलंय! आता कळलं. हे बटण फक्त सगळ्यात उंच टोक बघतं आणि ते टोक छताला टेकेपर्यंत सगळी फाइल सरसकट वर उचलतं. ते दार आधीच छताला टेकलेलं, मग बाकीच्यांना वर यायला जागा कुठली? दाराचा तेवढा तुकडा खाली ओढला, पुन्हा बटण दाबलं, आणि तुम्ही सगळ्या मंडळींसकट वर आलात. मी एकटीच टाळी वाजवली.

पण ओरडणं आणि कुजबुजणं ह्यातलं अंतर तसंच राहिलंय. त्याच्यावर काय औषध आहे ते शोधते आहे.

आणि दार कोणी आपटलं?

तुमची,
वहिनी


२७ जून

वहिनी,

दार शेजारच्या नर्सबाईंनी आपटलं. त्या अधूनमधून चहाला येतात. त्यांना हळू काही करताच येत नाही, चमचा जरी ठेवला तरी घर दचकतं.

मी कुठे बसून वाचते ते ऐकशील तर हसशील. कोठीच्या खोलीत. दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या करून मधोमध स्टूल. घरात माझ्या गाद्या पुरेनात म्हणून नर्सबाईंच्या दोन आणल्या. परवा गॅसवाला विचारत होता, "बाई, आत कोणाशी बोलत होता?" म्हटलं, कप्तानाशी. तो सिलेंडर ठेवून निघूनच गेला.

तुझ्या पत्रातला सुळका वाचून मला राहवेना. माझ्या आवाजाचं चित्र छापून पाठव ना. श्वास घेते तेव्हा काय दिसतं? 'स' आणि 'म' वेगळे दिसतात का? हसले तर? इतकी वर्षं स्वतःच्या आवाजावर पोट भरलं आणि तो दिसतो कसा ते ठाऊक नाही.

आता माझी एक तक्रार. कुजबूज मोठी करणार म्हणतेस, पण जपून. आमच्या शाळेत वाचन शिकवणाऱ्या सिस्टर होत्या. वर्गाच्या अगदी मागे, शेवटच्या बाकापाठीमागे, आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. कुजबूज कुजबुजीसारखीच वाचायची, पण त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. नाही पोचली तर त्या वळून बघायच्या नाहीत, नुसतं एक बोट वर करायच्या. पुन्हा. त्या म्हणायच्या, कुजबूज म्हणजे बारीक आवाज नव्हे, जवळचा आवाज. ती बाई डॉक्टरच्या जवळ आली आहे, हे दादाला कळलं पाहिजे. तू तिला कप्तानाच्या उंचीची करून ठेवलीस तर दोघं एकाच खुर्चीवर बसल्यासारखी वाटतील. मग गोष्टीत राहिलं काय?

दादाला विचार, त्याला काय वाटतं, ती बाई बंदर यायच्या आत केबिनमधून गेली कुठे?

तुझी,
वन्सं


१२ जुलै

वन्सं,

चित्र सोबत पाठवते. 'स' म्हणजे दाट गवत, 'म' म्हणजे गुळगुळीत टेकड्या. हसता तेव्हा माळेतले मणी.

औषध मिळालं. त्याचं नाव कॉम्प्रेसर. ह्यात आपण एक उंबरठा ठरवायचा. आवाज त्याच्या खाली असेल तर त्याला हात लावायचा नाही. वर गेला की जेवढा वर गेला त्यातला काही भाग दाबायचा. सगळा नाही बरं का, तुमच्या सिस्टर आठवल्या मला. म्हणजे कप्तान ओरडतोच, फक्त जरा शेजारच्या खोलीत जाऊन. असा सगळा पसारा बुटका झाला की मग पूर्ण फाइल वर उचलायची. पहिल्यांदा मी इतकं दाबलं की सगळे एका सुरात बोलायला लागले, जणू जहाजावर फक्त तिकीट-खिडकीवरचे कारकून भरलेत. मग थोडं थोडं सोडत गेले. स्टुडिओत गोऱ्या नवरीचा आणि काळ्या कोटातल्या नवऱ्याचा एकत्र फोटो छापताना करायचे तसंच. दोघंही दिसले पाहिजेत, आणि दोघं एका रंगाचेही होता कामा नयेत.

काल ह्यांनी पूर्ण प्रकरण बटणाला हात न लावता ऐकलं. मी मुद्दाम बघत होते. हात मांडीवर, मान एका बाजूला. बाई कुजबुजली तेव्हा पुढे झुकले. तुमच्या सिस्टरनी बोट वर केलं नसतं. ह्यांचं म्हणणं, तिला खलाशाने दोरखंडाच्या खोलीत लपवलंय. माझं म्हणणं, ती मुळात जहाजावर चढलीच नव्हती, डॉक्टरला तिचा भास होतो. ह्यावरून जेवताना आमचं बोलणं बंद होतं.

एक गंमत सांगायची राहिली. मोठं दाबून सगळं उचललं की जे बारीक होतं ते आपोआप वर येतं. तुमचं घड्याळ आलं. रस्त्यावरची गाडी आली. पान उलटताना तुम्ही बोटाला जीभ लावता तेही आलं! आणि तुमचा श्वास. वन्सं, तुम्ही जिना चढून आल्या आल्या वाचायला बसता का? वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घेता, एकदा तर एका शब्दाच्या पोटात घेतलात. आधीच्या फाइलींत एवढं नव्हतं. जरा टेका, पाणी प्या, मग सुरू करा. जहाज कुठे पळून जात नाही.

तुमची,
वहिनी


२१ जुलै

वहिनी,

हो गं, जिनाच. आणि कोठीत उकडतं, गाद्यांमुळे वारा येत नाही.

चित्र मी फ्रिजच्या दारावर लावलंय. कोणी विचारलं तर सांगते, माझा फोटो आहे.

तुझ्या त्या प्रोग्राममध्ये श्वास काढून टाकायची काही युक्ती असेल ना? असेलच. इतकं सगळं करतो तो. बघ तर खरं. दादाला ती फासफूस कशाला ऐकवायची? आणि कशी चालते ती युक्ती, ते सविस्तर लिही, मला फार उत्सुकता आहे.

ह्या वेळी प्रकरण जरा छोटं आहे. पुढचं पाठवायला थोडा वेळ लागेल, घशाला धूळ बाधली आहे.

तुझी,
वन्सं


९ ऑगस्ट

वन्सं,

युक्ती मिळाली. तिला गेट म्हणतात. वाड्यांना असतं तसं फाटकच. पुन्हा एक उंबरठा ठरवायचा, पण कारभार उलटा. आवाज त्याच्याहून वर असेल तर फाटक उघडं, खाली गेला की बंद. शब्द आत येतात, श्वास बाहेर राहतात. तुमचा श्वास कुठे संपतो आणि कुजबूज कुठे सुरू होते ते पकडायला फार खटपट केली. सुरुवातीला ती केबिनमधली बाईच बाहेर राहिली! शेवटी जमलं. दोन शब्दांच्या मध्ये नितळ शांतता. निगेटिव्हवरचा तीळ पुसून झाला की मला जसं बरं वाटायचं तसं बरं वाटलं.

ह्यांना लावून दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. दोन मिनिटांत हाक. गेले तर हेडफोन काढून हातात धरलेला, चेहरा उतरलेला.

"ही कोण आहे?"

"कोण म्हणजे? वन्सं."

"ही ती नाही. ही श्वासच घेत नाही."

"मी काढले श्वास. छान नाही वाटत?"

"छान?" म्हणाले. "अगं, मला वाटलं ती गेली, आणि कोणीतरी तिचे शब्द एकामागे एक ठेवतंय. परत घाल ते. जसं होतं तसं घाल."

मी परत घालायला बसले. मनात आलं, फाटकाबाहेर आपण काय काय ठेवलंय ते तरी एकदा बघावं. मग उलटं केलं. वाचलेले शब्द सगळे गप्प केले, जे टाकलं होतं तेवढंच ठेवलं आणि ते जमेल तेवढं उचललं. आधी श्वास. मग आणखी श्वास. त्यात मधूनमधून एक शिट्टीसारखा बारीक आवाज, तो घड्याळाचा नाही. मग प्रकरण संपल्यावर, तुम्ही मशीन बंद करायच्या आधी, दाराबाहेरून नर्सबाई.

"आता पुरे. सकाळी पाय बघितलेत ना केवढे सुजलेत? डॉक्टरांना काय सांगणार आहात, पुस्तक संपायचंय म्हणून?"

आणि तुमचा आवाज, मायक्रोफोनवर हात ठेवल्यासारखा. "हळू बोला हो, रेकॉर्डिंग चालू आहे."

वन्सं, मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. ह्यांना ऐकवलेलं नाही.

काय चाललंय?

वहिनी


३० ऑगस्ट

वहिनी,

उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली. तिन्हींत जिना होता.

हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. पुढे गेलेलं रक्त थोडं थोडं मागे येतं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, आणि खरं सांगते, घाबरायच्या आधी मी बघतच राहिले. एक इवलंसं दार, मिटायला जातं आणि फट ठेवतं, पुन्हा मिटायला जातं. मी त्यांना इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "बाई, तुम्ही पेशंट आहात की परीक्षक?" झडप बदलावी लागेल. त्यांनी मे महिन्यातच सांगितलं होतं. म्हणजे तुमच्याकडे आले त्याच्याही आधी. आता म्हणतात, आणखी लांबवाल तर हृदय थकून जाईल, मग आम्हालाही काही करता येणार नाही.

मी म्हटलं, पुस्तक संपू दे. शेवटची तीन प्रकरणं राहिली आहेत.

तू म्हणशील, वेड लागलंय. पण बघ ना. निवृत्त झाल्यापासून माझा आवाज दूधवाल्याशी आणि नर्सबाईंशी बोलण्यापुरता उरला होता. दुपारी त्या गाद्यांमध्ये बसले की मला ठाऊक असतं, तिकडे एक माणूस मान कलती करून माझी वाट बघतोय. ते सोडून पांढऱ्या टेबलावर जाऊन पडायचं, आणि तिथून परत येण्याची खात्री कोणी देत नाही. डॉक्टर फार सभ्य आहेत, "बहुतेक" म्हणतात. मी भाषा शिकवलेली बाई. 'बहुतेक'मध्ये केवढी फट असते ते मला कळतं. तुला म्हणून सांगते, पुस्तक हे निमित्त आहे. मी भ्यायले आहे.

दादाला सांगू नकोस. कळलं तर तो ऐकणं बंद करेल. त्याच्याकडे आता दुसरं काय आहे? माझ्या लेकीलाही मी अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
वन्सं


६ सप्टेंबर

वन्सं,

आजवर मी तुम्हाला 'तुम्ही'च म्हणत आले. आज रागात 'तू' येतंय. येऊ दे, मी खोडणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा हे शेजारीच बसले होते.

"काय म्हणते ती?"

"काही नाही. उकडतंय म्हणते."

"वाच."

मी वाचायला लागले, म्हणजे मनाने रचायला लागले. "इकडे सर्व क्षेम आहे, कुंडीतल्या रोपाला नवी पानं आली आहेत..."

"थांब," म्हणाले. "तिने जन्मात कधी 'क्षेम' लिहिलेलं नाही. आणि बराच वेळ वाचलंस तू मनातल्या मनात, पानं उलटताना ऐकली मी. कुंडीतल्या रोपाची एवढी पानं नसतात. खरं वाच, नाहीतर त्यात काय आहे ते मीच सांगतो."

"सांगा."

"तिच्या छातीचं काहीतरी आहे. पहिल्या फाइलमध्ये ती कप्तानाचं लांबलचक वाक्य एका दमात ओढायची. नंतर स्वल्पविरामाला थांबायला लागली. आता जिथे काहीच नसतं तिथेही थांबते. तू आवाज सारखा करून दिलास ना, त्यानंतर तर आणखीच स्पष्ट ऐकू यायला लागलं."

मी हात धुवायचं निमित्त करून उठणार होते, पण उठले नाही. म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी मान कलती केली. मग म्हणाले, "बोललो असतो तर तिने वाचायचं थांबवलं असतं. आणि मला ती रोज दुपारी हवी होती गं."

मग मी तुझं पत्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तू नको म्हणाली होतीस तरी. 'मी भ्यायले आहे' ह्या ओळीला ह्यांनी हात पुढे केला आणि तो कागद नुसता धरून बसले, जसं दिसत असावं तसं.

तर आता ऐक. प्लेअर कपाटात गेलाय. हेडफोनही. ह्यांनी संप पुकारलाय. निरोप जसाच्या तसा लिहिते: "तिला कळव, ती बाई केबिनमधून कुठे गेली हे मला आता जाणून घ्यायचं नाही. झडप बदलून होईपर्यंत मी एक ओळ ऐकणार नाही. तिने वाचून पाठवलं तरी ऐकणार नाही. वाचून दमली तर ती दमणूक फुकट जाईल, एवढं सांग."

संप कसा चाललाय विचारशील, तर दिवसातून चारदा कपाटापर्यंत जातात आणि पाणी प्यायला आल्यासारखं करून परत येतात. काल जेवताना म्हणाले, "समजा, दोरखंडाच्या खोलीत नसेल, तर..." आणि एकदम गप्प झाले.

आणि माझं वेगळं. तू मला सांगितलंस, दादासाठी श्वास काढून टाक. मी मान खाली घालून काढत बसले. एकेक श्वास शोधून, कात्री लावून. काय कापायला देतेस ते मला एका शब्दाने कळवावंसं वाटलं नाही तुला? मी काय फक्त बटणं दाबणारी? नणंद-भावजय म्हणून नको, पण इतक्या वर्षांची मैत्रीण म्हणून तरी सांगायचं होतंस.

लेकीला आजच्या आज फोन कर. तू केला नाहीस तर उद्या मी करणार आहे. आणि तारीख घे. भ्यायलीस तर भ्यायलीस, पण भीत भीत तारीख घे.

तुझी,
वहिनी


२० सप्टेंबर

वहिनी,

तारीख मिळाली. पुढच्या सोमवारी. तू मला 'तू' म्हणालीस, ते आता परत घ्यायचं नाही.

तुझं म्हणणं खरं आहे. तुला सांगायला हवं होतं. पुढे लिहीत नाही, नाहीतर अक्षर बिघडेल आणि तुला वाटेल हात थरथरतोय.

लेक आली आहे. आल्यापासून फणफणते आहे आणि त्याच तावात सगळं घर घासून काढते आहे. रात्रीचं जेवण झालं की माझ्याच खोलीत खाली अंथरूण घालते आणि म्हणते, "तू झोप, माझ्याकडे बघू नकोस." डॉक्टरांना मी काल आणखी प्रश्न विचारले. नवी झडप मिटताना काही लोकांना स्वतःच्या छातीत टिकटिक ऐकू येते म्हणे. किती मोठी, असं विचारलं तर ते हसले. आली ऐकू, तर तुझ्यासाठी रेकॉर्ड करून ठेवीन. बघू कशी दिसते.

आता कोणाला काय द्यायचं ते नीट सांगते, कारण तिकडे हॉस्पिटलात आत फोन देत नाहीत आणि लेक गडबडीत विसरेल.

तू कॉम्प्रेसरने सारख्या केलेल्या फाइली अंधांच्या ग्रंथालयाला दे. मी तिथल्या बाईंशी बोलले आहे, त्या वाट बघतायत. अनोळखी माणसांना माझ्या धापेचा त्रास नको, म्हणून त्यांच्या प्रतीत श्वास थोडे खाली उतरव. पण कापू नकोस. दादा म्हणाला ते बरोबर आहे, वाचणारं माणूस आहे एवढं कळू दे.

मूळ फाइली, दार आपटल्यासकट, हात न लावता दादाला. संप मिटल्यावर. त्याचा अंगठा दुखला तर दुखू दे.

नर्सबाईंचं दाराबाहेरचं बोलणं वेगळं काढून, जेवढं मोठं करता येईल तेवढं मोठं करून लेकीला पाठव. ती रोज विचारते, "आई, तुला रागवायला इथे कोणीच नव्हतं का?" होतं म्हणावं, ऐक.

नर्सबाईंच्या गाद्या मी आजच परत करते आहे. माझा फ्रिजवरचा फोटो त्यांनी मागितला, तो त्यांना दिला. तू मला दुसरा छापून दे.

मायक्रोफोन आज कुरिअरने तुझ्याकडे निघाला आहे. सोबत पुस्तक. जिथे थांबले तिथे खूण घातली आहे. उरलेलं तू वाच. "माझा आवाज फाटका आहे, मला वाचता येत नाही," असलं काही मला सांगू नकोस. ह्या पावसाळ्यात मला माझ्या आवाजातलं जे कळलं नव्हतं ते तुझ्या कानांनी ऐकलं. दारं-खिडक्या लाव, दोन्ही बाजूंना गाद्या उभ्या कर आणि वाच. दादाला त्या वेळी फिरायला पाठव.

मी पुढचं एक पानही उलटून बघितलेलं नाही. बाईचं काय झालं ते मला ठाऊक नाही. त्यामुळे शेवटच्या प्रकरणाची पहिली प्रत मला. लेकीच्या मोबाइलवर पाठव, मी डोळे उघडले की ती कानाला लावेल. मला जागं व्हायला वेळ लागेल, डॉक्टर तसं म्हणालेत. कदाचित बराच लागेल. दादा भुणभुण करेल, कपाटाभोवती फेऱ्या मारेल, तुला गोड बोलून थोडंसं ऐकव म्हणेल. ऐकवायचं नाही. त्याला सांग, मी उठेपर्यंत थांब.

तुझी,
वन्सं